बंगळूरच्या तटावरची पोरं

के. आर. मार्केटमधले फुलांचे ढीग आणि हमालांच्या हातगाड्या चुकवत दक्षिणेकडे निघालं की एक दगडी दरवाजा लागतो. दिल्ली दरवाजा. बंगळूरच्या किल्ल्याचं एवढंच उरलंय: हा दरवाजा, तटाचा एक तुकडा आणि दोन-तीन बुरूज. बाकीचा किल्ला इस्पितळ, मेडिकल कॉलेज आणि रस्त्यांनी गिळला. तटात एक पाटी बसवलेली आहे. 21 मार्च 1791 रोजी ब्रिटिशांनी इथल्या खिंडारातून हल्ला चढवला, एवढंच ती सांगते. आत कोण लढत होतं याचा तिच्यावर उल्लेख नाही. टिपू सुलतानाचा किल्लेदार बहादूर खान त्या रात्री याच किल्ल्यात लढता लढता पडला, हे पुस्तकातून शोधावं लागतं.

इंग्रजांनी आपल्या पडलेल्या सैनिकांसाठी शहरात एक उंच स्मारकस्तंभही उभारला होता. त्याच्यावरून एका रस्त्याला सेनोटाफ रोड म्हणत. 1964 मध्ये तो स्तंभ पाडला आणि रस्ता नृपतुंगांच्या नावाचा झाला. दगडाचा हिशेब असा चुकता झाला. पुस्तकांचा राहिला. या खिंडारावर मुलांसाठी, तरुणांसाठी बरंच लिहिलं गेलं आहे, आणि ज्याची भाषा वेगळी त्याचं युद्धही वेगळं. बंगळूरमध्ये एकाच इमारतीत राहणाऱ्या मराठी, कन्नड आणि इंग्रजी माध्यमातल्या तीन मुलांना टिपू विचारून पाहा. तीन लढाया ऐकायला मिळतील, आणि तिघांचा नायक जिंकलेला असेल.

इंग्रजीपासून सुरुवात करायची तर जॉर्ज आल्फ्रेड हेन्टीला टाळता येत नाही. 1832 ते 1902 हे त्याचं आयुष्य. क्रिमियाचं युद्ध जवळून पाहिलेला, पुढे 'स्टँडर्ड' वृत्तपत्राचा युद्धवार्ताहर झालेला हा दाढीवाला गृहस्थ मुलांसाठी शंभरावर पुस्तकं लिहून गेला. लिहून म्हणजे सांगून, कारण तो येरझाऱ्या घालत बोलायचा आणि चिटणीस उतरवून घ्यायचा. त्याची रीत ठरलेली. एखादं युद्ध घ्यायचं, त्यावरचे जाडजूड ग्रंथ मागवायचे, आणि त्यात पंधरा-सोळा वर्षांचा एक धीट, सरळमार्गी इंग्रज मुलगा सोडून द्यायचा. मुलगा वेषांतर करतो, पकडला जातो, निसटतो, आणि शेवटी जनरलसाहेब त्याच्या पाठीवर थाप मारतात. मधली पानं लष्करी हालचालींच्या वर्णनाने भरलेली. साम्राज्यातल्या कित्येक मुलांनी इतिहास शिकला तो शाळेत नव्हे, हेन्टीकडून.

'द टायगर ऑफ मायसोर' हे त्याचं 1896 सालचं पुस्तक. नायक डिक हॉलंड. त्याचा बाप जहाजाचा कप्तान, म्हैसूरच्या कैदेत हरवलेला. गंमत अशी की डिकची आई अर्धी हिंदुस्थानी आहे आणि मामा इथला राजा. म्हणजे हेन्टीचा हा 'इंग्रज' मुलगा चार आण्यांनी आपला आहे, आणि त्यामुळेच त्याला वेषांतर साधतं. तो सुराजा नावाच्या साथीदाराबरोबर टिपूच्या राज्यात शिरतो, राजवाड्यात वाघ मारतो, टिपूच्याच नोकरीत चढतो आणि बापाला शोधून काढतो. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची मोहीम, बंगळूरचा वेढा, श्रीरंगपट्टण, सगळं त्यात येतं. वाचनीय आहे, हे कबूल केलं पाहिजे. पण त्यातले म्हैसूरचे लोक एक तर क्रूर आहेत, नाही तर नायकाचे उपकृत. तिसरा प्रकार हेन्टीला ठाऊक नव्हता.

हेन्टीच्या कितीतरी आधी, 1827 मध्ये, सर वॉल्टर स्कॉटने 'द सर्जन्स डॉटर' मध्ये बंगळूर आणलं होतं. एका स्कॉटिश मुलीला फसवून टिपूच्या हाती द्यायचा कट, फकिराच्या वेषातला टिपूचा बाप हैदर आणि खलनायकावर पाय देणारा हत्ती, असा तो मसाला. स्कॉटने हिंदुस्थान पाहिला नव्हता. इथे नोकरी केलेल्या एका कर्नल मित्राकडून त्याने तपशील घेतले. 1840 मध्ये मेडोज टेलरची 'टिप्पू सुलतान' ही कादंबरी आली. टेलर निजामाच्या नोकरीत उभं आयुष्य काढलेला, दख्खन पायाखालून घातलेला माणूस, त्यामुळे त्याच्या पुस्तकाला मातीचा वास आहे.

आणि इथे मराठी या कथेत शिरते. हरिभाऊ आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरीत पहिलं पाऊल टाकलं ते शिवकाळात नव्हे, म्हैसुरात. 1890-91 ची त्यांची 'म्हैसूरचा वाघ' टेलरच्या याच कादंबरीवर बेतलेली आहे. 'उषःकाल' आली ती त्यानंतर. म्हणजे ऐतिहासिक कादंबरीचा हात बसवायला आपल्या थोर कादंबरीकाराने निवडला तो टिपू, तोही एका इंग्रजाच्या चष्म्यातून. पुढे हरिभाऊ महाराष्ट्रात परतले आणि त्यांच्यामागून सगळी मराठी ऐतिहासिक कादंबरी परतली. सिंहगडावर शिकारीत कडा कोसळून जायबंदी झालेल्या नाथमाधवांनी अंथरुणावरून स्वराज्याच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि दोन-तीन पिढ्यांतल्या पोरांनी त्या चोरून वाचल्या. गो. नी. दांडेकरांनी 'बया दार उघड' पासून 'हे तो श्रींची इच्छा' पर्यंतच्या शिवकालीन मालिकेत राजापेक्षा साध्या माणसांना पुढे आणलं, आणि माझ्या मते मराठीत मुलांच्या हाती द्यावी अशी युद्धकथा तिथे सर्वांत जिवंत आहे. 1970 नंतर चौथीच्या वर्गात शिवचरित्र आलं आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला नऊ-दहाव्या वर्षी एक सलग युद्धसाहसकथा सरकारी खर्चाने मिळू लागली. तिने काय साधलं आणि काय बिघडवलं यावर वाद घालता येईल, पण इतकी वाचली गेलेली दुसरी युद्धकथा मराठीत नाही.

त्या कथेत बंगळूर धावतं येऊन जातं. शहाजीराजांची जहागीर, एवढंच. खरं तर मुलांच्या कादंबरीला याहून चांगलं शहर सापडायचं नाही. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेबरोबर शहाजीराजे इथे आले. शहर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या वंशजाकडून किल्ला गेला आणि बंगळूर राजांचं ठाणं झालं. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे असा मुलूख त्यांच्याकडे होता. त्यांच्या दरबारात संस्कृतपासून कन्नडपर्यंत नाना भाषांचे कवी हजेरी लावत. जयराम पिंड्ये त्यांतला एक, आणि त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त तो दरबार आजही भरलेला आहे. वि. का. राजवाड्यांनी तो ग्रंथ 1922 मध्ये छापला. दहा-बारा वर्षांचे शिवाजीराजे 1640 नंतर काही काळ इथे होते. थोरले भाऊ संभाजीराजे इथलेच झाले. दोन भाऊ, कन्नड मुलूख, आदिलशाही नोकरीतला बाप, सोबत पुण्याहून आलेली आई, आणि पुढे एकाने पुण्याकडे जायचं नि एकाने इथे राहायचं. हे सगळं तयार असताना आपण मुलांना बंगळूरबद्दल सांगतो ते फक्त 'वडील तिकडे होते'.

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराच्या देवळाला शिवाजीराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजांनी दान दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. 1687 मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि तीन लाख रुपयांत म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला देऊन टाकलं. पेठेतल्या मराठी आडनावांच्या कुटुंबांना विचारलं तर ती स्वतःला बाहेरची समजत नाहीत, आणि का समजावं? घरात जी मराठी बोलली जाते ती पुण्याच्या कानाला विचित्र लागते, एवढाच काय तो प्रश्न. आयटीसाठी व्हाइटफिल्डला आलेला मराठी माणूस मात्र शहाजीराजांची आठवण काढतो ती फक्त फेब्रुवारीत शिवजयंतीला.

आता पुन्हा 1791. मार्चमध्ये बंगळूर पडलं तेव्हा मराठे कुठे होते? इंग्रजांच्या बाजूला. पेशवे, निजाम आणि कंपनी अशी तिघांची युती होती. परशुरामभाऊ पटवर्धन त्या वेळी धारवाडचा किल्ला घेण्यात गुंतले होते, सोबत मुंबईची दोन-तीन पलटणं घेऊन आलेला कॅप्टन लिटल. वेढा सप्टेंबर 1790 ला लागला आणि एप्रिल 1791 मध्ये किल्ला मिळाला. पुढे परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके दक्षिणेकडे निघाले आणि मेच्या अखेरीस मेलकोट्याच्या बाजूला कॉर्नवॉलिसला भेटले. त्या भेटीची वेळ कोणत्याही कादंबरीकाराला आवडेल अशी. श्रीरंगपट्टणाच्या दारातून कॉर्नवॉलिस उपाशी माघार घेत होता. बैल मेले होते, पावसाने रस्ते गेले होते, ओढायला जनावर नाही म्हणून वेढ्याच्या तोफा त्यानेच फोडून टाकल्या होत्या. अशात समोरून घोडेस्वार दिसले, ते शत्रूचे वाटले, आणि निघाले मराठे. त्यांच्या छावणीत सगळं होतं. धान्य होतं, फक्त भाव विचारू नये असा.

पुढे म्हैसूरचा रेसिडेंट झालेल्या मार्क विल्क्सने आपल्या इतिहासात त्या मराठी बाजाराचं वर्णन केलंय. विलायती बनात, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, अस्सल हिरे, आणि त्याच ढिगात कुणा गावच्या गरीब पोरीच्या कानातून ओरबाडलेलं चांदीचं डूल. विल्क्स इंग्रज, त्याने मराठ्यांबद्दल चांगलं लिहावं अशी अपेक्षा नाही, आणि इंग्रज फौजांनी बंगळूरची पेठ 7 मार्चला घेतली तेव्हा तिथे लूट झाली नाही असंही नाही. पण ते डूल वाचल्यावर पुढे जाता येत नाही. त्याच वर्षी पटवर्धनांच्या फौजेसोबतच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. तो पुन्हा उभा राहावा म्हणून टिपूने स्वामींना पैसे पाठवले. ती कन्नड पत्रं 1916 मध्ये पुराणवस्तू खात्याच्या नरसिंहाचारांना मठात मिळाली. आणि हाच टिपू कोडगू आणि मंगळूरच्या हजारो लोकांना घरादारासकट उचलून श्रीरंगपट्टणाला नेणारा. मुलांच्या पुस्तकात यातलं एक आलं की दुसरं गळतं. मराठीत तर तिन्ही गळतात. वडगाव आहे, पानिपत आहे, खर्डा आहे, पण 1791 नाही, कारण त्यात आपण जिंकलेल्या बाजूला असूनही मिरवण्यासारखं काही नाही.

या युद्धात खरी मुलं होती का, हा माझा प्रश्न होता. हेन्टीचा डिक कल्पनेतला. शोधू लागलो तर कागदांत चार-पाच सापडली, आणि एकही कोणाच्या बाजूच्या पुस्तकात नीट बसत नाही.

पहिला एडवर्ड मूर. 1771 चा जन्म. 1782 मध्ये मुंबईच्या फौजेसाठी कंपनीचा कॅडेट म्हणून जहाजात बसला तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता. विशीत तो लिटलच्या तुकडीत लेफ्टनंट होता आणि धारवाडच्या वेढ्यात परशुरामभाऊंच्या तोफखान्याकडे बघत बसला होता. 1794 मध्ये त्याने या मोहिमेवर एक जाडं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की मराठी गोलंदाज एक तोफ डागत, मग अर्धा तास बसून गप्पा आणि धूम्रपान, मग पुन्हा एक. दुपारी दोन्ही बाजू ठरवल्यासारख्या गोळीबार थांबवून जेवायला जात. तटावरचे आणि तटाखालचे दोघेही. हसू येतं, पण मूर फक्त हसत नाही, त्याला हे लोक कळून घ्यायचे आहेत. बंगळूरजवळच्या एका डोंगरी किल्ल्यावर त्याला गोळी लागली, वर्षाच्या शेवटी पुन्हा दोन जखमा झाल्या. त्यानंतर हा माणूस चिंचवडच्या देवांच्या दर्शनाला गेला, मोरया गोसावींच्या वंशपरंपरेवर लेख लिहिला आणि 1810 मध्ये हिंदू देवदेवतांवरचा मोठा सचित्र ग्रंथ काढला. बारा वर्षं पूर्ण व्हायच्या आत घरातून पाठवलेलं पोर पुढे गणपतीच्या मूर्ती जमवत होतं. हेन्टीने असा नायक लिहिला असता तर प्रकाशकाने परत पाठवला असता.

दुसरा जेम्स स्करी. कंपनीच्या नव्हे, नौदलाच्या जहाजावरचा पोरगा. 1782 मध्ये फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि कैदी हैदराच्या हवाली केले. पंधरा-सोळा वर्षांचा स्करी चालत चालत बंगळूरच्या किल्ल्यात आला. इथे कैद्यांतून मुलं निवडून वेगळी काढली आणि श्रीरंगपट्टणाला नेली. सुंता झाली, नावं बदलली, कानात वाळ्या आल्या, चेल्यांच्या, म्हणजे अशा बाटवलेल्या कैद्यांच्या, पलटणीत भरती झाली, पुढे लग्नही लावून दिलं. दहा वर्षांनी तो निसटला आणि बायको मागे राहिली. मायदेशी पोहोचला तेव्हा खुर्चीवर बसणं आणि काटाचमचा धरणं विसरला होता असं सांगतात. त्याची हकिकत 1824 मध्ये छापली गेली. हेन्टीसारख्यांनी अशाच हकिकतींतून कैद, वेषांतर आणि सुटका उचलली. ती बायको उचलली नाही. साहसकथेत नायक निसटला की प्रकरण संपतं. तिथे मागे राहणाऱ्याला प्रकरण नसतं.

तिसरा आणि चौथा हे दोघे भाऊ. फेब्रुवारी 1792 मध्ये तहाच्या अटी ठरल्या तेव्हा टिपूने ओलीस म्हणून दोन मुलगे दिले, दहाच्या आसपासचा अब्दुल खालिक आणि आठच्या आसपासचा मुइजुद्दीन. हत्तीवरून आले, तोफांची सलामी झाली, कॉर्नवॉलिसने त्यांना जवळ घेऊन सोन्याची घड्याळं दिली. इंग्लंडात या प्रसंगाची चित्रं निघाली, छापे खपले. मोहिमेबरोबर आलेल्या रॉबर्ट होमने तो प्रसंग रंगवला, इंग्लंडात बसून मॅदर ब्राउननेही रंगवला. मायाळू लाटसाहेब आणि बावरलेली दोन गोजिरी मुलं, हे त्या युद्धाचं सगळ्यात जास्त विकलं गेलेलं दृश्य ठरलं. मुलं दोन वर्षं मद्रासला राहिली. 1794 मध्ये बाप त्यांना घ्यायला देवनहळ्ळीला आला. देवनहळ्ळी म्हणजे टिपूचं जन्मगाव, आज बंगळूरच्या विमानतळाला जाताना ज्याची पाटी दिसते ते. आठ वर्षांचं मूल दहा वर्षांचं होऊन परक्या भाषेच्या गावातून घरी येतं, यात कादंबरी नाही तर कशात आहे?

पाचवी ती डुलाची पोर. तिचं नाव नाही.

चित्रकथांचं काय, असं कोणी विचारील. अमर चित्र कथेची गोष्ट बंगळूरशी जोडलेली आहे, हे महाराष्ट्रात फारसं ठाऊक नाही. आपल्याला मालिकेचे संपादक अनंत पै माहीत आहेत, त्यांनी दिल्लीत दूरदर्शनवर पाहिलेली प्रश्नमंजूषा माहीत आहे. पण मालिकेत 'कृष्ण'चा क्रमांक 11 का, याचं उत्तर इथे आहे. पहिली दहा पुस्तकं 1965 च्या सुमाराला इंडिया बुक हाउसच्या बंगळूर शाखेतल्या जी. के. अनंतराम यांच्या पुढाकाराने कन्नडमध्ये निघाली होती, आणि ती विलायती परीकथांची होती. शिवाजी, तानाजी, बाजीराव नंतर आले. भाषा कोणतीही असो, चित्रं तीच, म्हणून मराठी आणि कन्नड मुलाला पहिल्यांदा एकच शिवाजी आणि एकच टिपू मिळाला. ही फार मोठी गोष्ट आहे. दुसरीकडे, बत्तीस पानांत पात्राला मनात दोन विचार ठेवायला जागा कुठली? मुखपृष्ठावर उगारलेली तलवार असली की आतल्या माणसाला शंका घेण्याची परवानगी नसते.

अव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आजही अमर चित्र कथा गठ्ठ्याने मिळते. हेन्टी क्वचित. मराठी नाहीच. मराठीतली युद्धसाहसं मुलाच्या हाती पडायची तर पुण्याहून येणाऱ्या आजीच्या बॅगेतून. आणि त्या बॅगेत काय असतं ते ठरलेलं आहे: पन्हाळा, पावनखिंड, सिंहगड. उत्तम आहे. पण त्या मुलाच्या शाळेची बस रोज ज्या तटाला वळसा घालते त्याबद्दल त्याच्या भाषेत एक पान नाही. त्याच किल्ल्याजवळच्या तारामंडलपेटेत टिपूच्या फौजेचे अग्निबाण बनत. शिवमोग्ग्याजवळ नगर इथल्या विहिरीत 2018 मध्ये असे हजाराहून जास्त बाण सापडले. लोखंडी नळी, बांबू आणि दारू. दहा वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं असतं?

अशी गोष्ट मराठीत लिहायला साधन नाही म्हणावं तर तेही खरं नाही. मिरजेच्या हायस्कुलात शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं आयुष्य घालवून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापली. या मोहिमेतलीही त्यांत आहेत. अशा पत्रव्यवहारात पराक्रमापेक्षा वैरण, बैल, शिलेदारांचे थकलेले पगार आणि कर्जच जास्त. मोठ्यांच्या कादंबरीकाराला ते रूक्ष वाटेल. पण छावणीत पाणी भरणाऱ्या, घोड्यामागे गवत धावत नेणाऱ्या, बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर गोणी मोजणाऱ्या पोराच्या नजरेला हेच दिसणार. शत्रूचं राज्य, दोस्ताची परकी भाषा, आपल्याच बाजारात लुटीचा माल, आणि मेलकोट्याच्या माळावर उपाशी गोऱ्यांच्या हातात तो चौपट भावाने ज्वारी मोजून देतोय. मला असा मुलगा वाचायचा आहे. तो नायक असेल असं नाही. त्या बाजारात चांदीचं डूल विकायला काढलेलं त्याने पाहिलं, तर तो काय करील हे लेखकाला ठरवावं लागेल, आणि तिथे हेन्टीची कोणतीही युक्ती कामाला येणार नाही.